दहावीच्या तोंडावर मागे पडलेलं पोरगं: क्लास लावावा, १७ नंबर भरावा की आणखी काही?

कृष्णाकाठ
नमस्कार. मी सांगलीत राहते. माझी धाकटी बहीण तासगाव तालुक्यात दिलेली आहे, घरची द्राक्षबाग आहे. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, आत्ता नववीची परीक्षा देऊन बसलाय. सेमी इंग्रजीला आहे. गणित आणि इंग्रजीत कसाबसा वर चढवलाय, विज्ञानाचीही तीच गत. परवा शाळेत बहिणीला बोलावून सांगितलं की हा दहावीला टिकणार नाही, आमच्या निकालावर परिणाम होतो, तुम्ही १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरा. ती रडतच घरी आली.

भावजींचं म्हणणं, सांगलीत मोठा क्लास लावू आणि खोली करून ठेवू. फी एकरकमी आहे आणि यंदा बेदाण्याचे पैसे अजून हातात यायचेत. सासूबाई म्हणतात, शिकून तरी काय करणार, बाग बघू दे. पोरगं काहीच बोलत नाही.

तो आळशी नाही. ठिबकचं सगळं तोच बघतो, मोटर बंद पडली तर नेमकं कुठं काय गेलंय ते ओळखतो. इतिहासाचा धडा वाचून दाखवला की तोंडी सगळं सांगतो. पेपरात मात्र दोन ओळींपुढे जात नाही.

अशा मुलांसाठी नेमके कोणकोणते मार्ग आहेत? शाळेतून काय मदत मागता येते, बाहेर काय करता येतं? ज्यांनी हे घरात बघितलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कंदी_पेढा
ताई, पहिली गोष्ट, १७ नंबरवर लगेच सही करू देऊ नका. बाकीचे सांगतीलच.

हळदबाजार
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मोबाइल काढून घ्या, पहाटे पाचला उठवा, वर्षभर लग्न-जत्रा बंद. आमच्या वेळी असल्या शंभर भानगडी नव्हत्या, तरी पास झालो. आजकाल पोरांना जरा कडक बोललं की पालकच पुढं येतात.

अनुजा_मिरज
@हळदबाजार काका, ताईंनी लिहिलंय की तोंडी सगळं येतं आणि लिहिताना अडतो. हे मोबाइलचं लक्षण नाही. पहाटे पाचला उठवून तो तेच न येणारं गणित अंधारात बघत बसेल.

ताई, मी समावेशित शिक्षणाच्या कामात होते म्हणून सांगते. वाचन अडखळत होतं का, फळ्यावरचं उतरवून घेताना अक्षरं किंवा आकडे गळतात का, ६ आणि ९ किंवा ब आणि व यांची अदलाबदल होते का, एकच शब्द एका पानात तीन तऱ्हांनी लिहितो का, हे वहीत बघा. असं असेल तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे लिहिण्या-वाचण्यातल्या अडचणीची, तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात हिचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, तासाला २० मिनिटं या हिशोबाने. गरज असेल तर लेखनिक मिळतो. बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या पातळीचं अंकगणित घेण्याचीही सोय आहे, पण ती विचार करून घ्यायची, कारण पुढे विज्ञान शाखा आणि पॉलिटेक्निकची वाट त्याने बंद होते.

आणि हे दहावीच्या जानेवारीत करायचं काम नाही. शाळेचा अर्ज, रुग्णालयातली तपासणी, मग कोल्हापूर विभागीय मंडळाकडे प्रस्ताव, याला महिने जातात. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात. जूनची वाट न बघता त्यांना भेटा, तपासणी कुठं होते ते तेच सांगतील.

हळदबाजार
@अनुजा_मिरज ही लेखनिकाची सोय मला नवीन आहे. म्हणजे दुसराच मुलगा पेपर लिहिणार? मग याची परीक्षा कसली?

अनुजा_मिरज
लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो. त्याला दहावीचं उत्तर सुचवता येणार नाही, याचसाठी तो नियम. सांगायचं आपल्या मुलानेच, तो फक्त उतरवतो. ज्याला येतंय पण हाताने कागदावर उतरत नाही त्याच्यासाठी ही सोय आहे. चष्मेवाल्याला चष्मा लावून पेपर लिहू देतो तेव्हा आपण हरकत घेत नाही.

रिमझिम
चष्म्यावरून आठवलं. आधी डोळे तपासा! माझी पुतणी दीड वर्ष मठ्ठ ठरली होती, शेवटी नंबर निघाला. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं, पण त्या दिवशी पोरगं बागेत असेल तर तपासणी हुकते. कानही तपासून घ्या.

गुर्जी_कोरेगाव
मी सातारा जिल्ह्यात गणित शिकवून निवृत्त झालो. थोडं मोठं लिहितो.

नववी-दहावीत अडकलेल्या मुलाला घरचे विचारतात, "वर्गसमीकरण येतं का?" तो गप्प बसतो. ते विचारूच नका. त्याला पाचवीचं पुस्तक द्या. हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं, अपूर्णांकांची बेरीज, दशांश चिन्ह, मग सहावी-सातवीचं शेकडेवारी आणि ऋण संख्या, या क्रमाने एकेक उदाहरण घाला. जिथं तो थांबेल तिथं त्याची इयत्ता. माझ्या वर्गातली दहावीत नापास होणारी बहुतेक मुलं दहावीच्या गणितात अडलेली नव्हती. ती भागाकारात किंवा अपूर्णांकात अडलेली होती आणि पाच वर्षं ते लपवत आली होती. आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवत नव्हते. आता २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू केलीय, पण तुमचा भाचा पाचवीतून त्याआधीच पुढे आलाय, म्हणजे पाचवीची गाळणी त्याला लागलीच नाही.

अशा मुलाला मोठ्या क्लासला घातलं की तिथं पहिल्या दिवसापासून दोन चलांतली रेषीय समीकरणं सुरू होतात. सर चांगले असतात, नोट्स चांगल्या असतात, पण ते ज्या जागेवरून बोलताहेत तिथं हा मुलगा पोचलेलाच नसतो. फी भरून तो तिथंही गप्प बसायला शिकतो.

आता दिलाशाचा भाग. गणिताचे दोन पेपर ४०-४० गुणांचे आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. प्रत्येक ४० च्या पेपरात पहिला प्रश्न ८ गुणांचा, चार पर्यायांतून निवडायचे आणि छोटे. दुसरा १२ गुणांचा, त्यातल्या ४ गुणांच्या कृती अर्ध्या सोडवलेल्या असतात, रिकाम्या चौकटी भरायच्या. म्हणजे निम्मा पेपर छोट्या प्रश्नांचा आहे. भाग १ मध्ये सांख्यिकी, संभाव्यता, अर्थनियोजन, भाग २ मध्ये भौमितिक रचना आणि पायथागोरस, एवढं जरी हाताखालून गेलं तरी मूल ३५ च्या पलीकडे जातं. मात्र त्याला भागाकार यायला हवा, नाहीतर सांख्यिकीतला मध्य काढताना तो परत तिथंच अडणार.

मे महिना सगळा पाचवी ते सातवीला द्या. रोज तास-दीड तास पुरे.

बेदाणा_तासगाव
गुर्जींचं म्हणणं आमच्या भाषेत सांगतो. एप्रिलच्या खरड छाटणीला काडी तयार झाली नाही तर ऑक्टोबरला कितीबी औषधं मारा, घड लागत न्हाई. भावजींस्नी एवढं सांगा, बरोबर समजंल त्यांना.

आणखी एक. आमच्या भागात बोर्डाची परीक्षा आणि द्राक्षाचा हंगाम एकाच वेळी येतो, फेब्रुवारी-मार्च. व्यापारी कधी येईल सांगता येत न्हाई, माल उतरायला घरचं माणूस लागतं. माझ्या थोरल्याच्या दहावीला आम्ही दोघं भाऊ ठरवून बसलो हुतो की पोराला बागेत बोलवायचं न्हाई. तुमच्या भावजींनी आत्ताच तेवढं कबूल करावं. ठिबक त्यांचं तेच बघतील वर्षभर.

क्लासवाला_कराड
गुरुजींचा आदर ठेवून थोडं वेगळं मांडतो. मी स्वतः क्लास घेतो. सगळे क्लास नव्वद टक्केवाल्यांसाठी नसतात. माझ्याकडे पंधरा मुलांची एक बॅच फक्त अशाच मुलांची असते, तिथं जूनमध्ये पाढ्यांपासून सुरुवात होते. पालकांनी क्लास निवडताना तीनच गोष्टी विचाराव्यात: बॅचमध्ये मुलं किती, माझ्या मुलाची वही कोण तपासणार, आणि पहिल्या महिन्यात काय शिकवणार. तिसऱ्या प्रश्नाला "पहिला धडा" असं उत्तर आलं तर उठून या. फी महिन्याची भरा, वर्षाची नको. जो एकरकमीचाच आग्रह धरतो त्याच्याकडे तुमच्या मुलाचं मन लागलं नाही तरी मुलाला काढता येत नाही.

चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला सांगलीत एकटं खोली करून ठेवण्याला माझा पूर्ण विरोध आहे. आधीच गप्प आहे तो.

गुर्जी_कोरेगाव
@क्लासवाला_कराड पाढ्यांपासून सुरुवात करणारा क्लास असेल तर मी स्वतः मुलं पाठवीन. शुभेच्छा.

वाळव्याची_लेक
सेमीबद्दल कुणीच बोललं नाही. माझा अनुभव लिहिते.

आमच्या गावात पाचवीला सगळ्यांनी सेमी घेतलं, कारण शेजारच्यांनी घेतलं. आठवीपर्यंत भागलं. नववीत विज्ञानाचं पुस्तक उघडलं की माझ्या भावाला वाक्यच कळायचं नाही, पुढची संकल्पना लांबच. दहावीच्या सुरुवातीला आम्ही मुख्याध्यापकांना भेटून त्याला मराठी माध्यमाच्या तुकडीत बसवलं. पहिले दोन महिने "सेमीतून उतरवला" असं ऐकावं लागलं. नंतर तो धडे स्वतः वाचायला लागला. प्रवाहित विद्युत म्हणजे काय हे त्याला पहिल्यांदा तेव्हा कळलं. पास झाला, विज्ञानात सगळ्यात जास्त गुण.

ताई, शाळेत मराठी माध्यमाची तुकडी असेल तर हा मार्ग फुकट आहे. वर्ष सुरू होण्याआधी बोला.

सज्जनगड_पायथा
@वाळव्याची_लेक सरसकट असं सांगू नये. अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीतच आहे. एकदा सेमी सोडली की पुढे दुप्पट त्रास. माझ्या मुलीने रडतरखडत सेमीच पूर्ण केली आणि आज तिला त्याचा फायदा होतोय.

वाळव्याची_लेक
तुमच्या मुलीला सायन्सला जायचं होतं. या मुलाला मोटर दुरुस्त करता येते आणि दहावी पास व्हायचंय. अकरावीच्या इंग्रजीची काळजी दहावी पास झाल्यावर करता येईल.

सज्जनगड_पायथा
हे मान्य. त्याला काय करायचंय हे त्याला विचारलं पाहिजे, इथे कुणीच ते विचारलेलं नाही.

गलाईवाला_विटा
भाषेचा विषय निघाला म्हणून लिहितोय. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली निम्मी गावं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली. माझी दोन्ही पोरं केरळात वाढली. आजीच्या आजारपणात गावी परत आलो तेव्हा थोरली आठवीत. मल्याळम उत्तम, इंग्रजी बरं, मराठी फक्त बोलण्यापुरती. शाळेत सगळे म्हणायचे कच्ची आहे. कच्ची नव्हती, तिला जोडाक्षरं वाचता येत नव्हती एवढंच. एका बाईंनी मधल्या सुट्टीत रोज तिच्याकडून बालभारतीची खालच्या इयत्तांची पुस्तकं वाचून घेतली, दुसरीपासून. पहिलीपासूनची सगळी पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, हे पण त्यांनीच सांगितलं. दिवाळीपर्यंत गाडी रुळावर आली.

मला एवढंच म्हणायचंय, मूल कशात अडलंय ते एका माणसाने शेजारी बसून बघावं लागतं. वर्गात पन्नास पोरं असली की ते होत नाही.

माणदेशी
तुम्हाला निदान क्लास परवडेल का यावर चर्चा करता येते. आमच्या माण-खटावात, तिकडे जत-आटपाडीत, कारखाने सुरू झाले की आईबाप उसाच्या फडावर. दहावीची पोरं एक तर आजीजवळ किंवा सोबत. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, जाताना शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घेतलं तर दुसरीकडच्या शाळेत बसता येतं, हे कितीजणांना माहीत आहे? आणि मुलगी गणितात नापास झाली की तिचं गणित एका महिन्यात सुटतं, कारण स्थळ बघायला सुरुवात होते. माझ्या वर्गातल्या चौघींचं असंच झालं, तेव्हा आम्ही पंधरा-सोळा वर्षांच्या होतो.

म्हणून मला दहावीची मदत हा नुसता टक्क्यांचा विषय वाटत नाही. मुलीच्या बाबतीत ती मदत मिळाली की नाही यावर पुढची सगळी वर्षं ठरतात. कुठं अठराच्या आतल्या मुलीचं लग्न ठरतंय कळलं तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन करा. ओळख सांगावी लागत नाही.

अनुजा_मिरज
@माणदेशी मनापासून आभार. हा फोन मी केलेला आहे. लोक येतात.

कंदी_पेढा
माणदेशीताई, खरंय. आणि हे सगळं त्या सातारा जिल्ह्यात, जिथं कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंक्तीत बसवली, कमवा आणि शिका दिलं. मी रयतेच्याच शाळेत शिकलो. दहावीला आम्ही रात्री शाळेतच झोपायचो. सतरंज्या, एक मोठा दिवा आणि पाळीने जागणारे शिक्षक. गणितात पक्का असलेल्या पोराला दोन कच्ची पोरं वाटून दिलेली असायची. माझ्या वाटणीला आलेल्या दोघांना शिकवता शिकवता माझीच भूमिती सुधारली. त्यातला एक आज साताऱ्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे आणि भेटला की अजून "मास्तर" म्हणतो.

रात्र अभ्यासिका कुठल्याही गावात होऊ शकते. खोली शाळेची, वीज ग्रामपंचायतीची, शिकवायला कॉलेजात जाणारी पोरं.

कडेगावचा_माणूस
गावाने ठरवलं तर होतं, हे आमच्या तालुक्यात मोहित्यांचे वडगावने दाखवलंय. २०२२ च्या १५ ऑगस्टपासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरातला टीव्ही, मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला बसतात. सुरुवातीला घरोघर फिरून सांगावं लागलं. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते हे, की मोबाइल मोठ्यांचाही बंद असतो.

हळदबाजार
म्हणजे माझा मोबाइलचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता! 😀

अनुजा_मिरज
नव्हता काका. फक्त तो आधी मोठ्यांना लावायचा.

घाटमाथा
१७ नंबरची थोडी माहिती देतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार. हा खासगी विद्यार्थ्याचा अर्ज. शाळा सुटून गेलेल्यांसाठी तो मोठा आधार आहे. माझ्या बायकोने दोन मुलांनंतर १७ नंबरनेच दहावी केली, महाबळेश्वर तालुक्यातून. पण जो मुलगा आज शाळेत जातोय त्याला त्यावर ढकलणं म्हणजे त्याचे रोजचे तास, प्रयोगशाळा, मित्र, शिक्षक सगळं काढून घेणं. परीक्षा तीच, पेपर तेच, आणि मदत शून्य. ज्याला सगळ्यात जास्त शिकवायची गरज आहे त्यालाच घरी बसवायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो तो अशा मुलांना आधीच बाहेर काढून, आणि त्या शंभर टक्क्यांचा फलक मग गावभर लागतो.

बहिणीने शाळेला लेखी द्यावं, "माझा मुलगा नियमित विद्यार्थी म्हणूनच परीक्षेला बसेल, त्याच्यासाठी जादा तासांची व्यवस्था करावी." पोच घ्यावी. नाही ऐकलं तर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी माध्यमिक. बहुतेक वेळा पहिल्या कागदावरच सूर बदलतो.

रिमझिम
मुक्त विद्यालयाचं काय? माझ्या मैत्रिणीच्या मुलाने केलंय.

घाटमाथा
तो वेगळा आणि चांगला मार्ग आहे, पण गरज असेल तरच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत पाच विषय घेता येतात, गणित सक्तीचं नाही, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि पाच वर्षांत नऊ संधी. एकेक विषय सोडवत जाता येतं. महाराष्ट्राचं स्वतःचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. ज्याची तब्येत नाजूक आहे, जो खेळात आहे, ज्याला शाळेची धास्तीच बसलीय, त्याच्यासाठी उत्तम. प्रवेशाआधी अभ्यासकेंद्र जवळ कुठं आहे आणि मराठीतून कोणते विषय मिळतात एवढं बघून घ्यावं.

बेदाणा_तासगाव
आणि समजा राहिला एखादा विषय, तर आभाळ कोसळत न्हाई. पुरवणी परीक्षा निकालानंतर लगेच असते, वर्ष वाया जात न्हाई. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. आमच्या वेळी ऑक्टोबरपर्यंत लोकांची तोंडं चुकवत बसाय लागायचं.

सज्जनगड_पायथा
आयटीआय पण लिहा कुणीतरी. वायरमन, वेल्डर, प्लंबर या ट्रेडना दहावी पासची अट नाही. मोटर ओळखणारं पोरगं आहे. पण माझं मत, दहावी करूनच जावं. दहावी पास असेल तर इलेक्ट्रिशियन, फिटर मिळतं, कुपवाड-मिरजेत काम मिळतं, आणि पुढं डिप्लोमाची वाट उघडी राहते. त्याला एकदा आयटीआयचं वर्कशॉप दाखवून आणा. दहावी कशासाठी करायची हे त्याच्या डोळ्यांना दिसू दे.

क्लासवाला_कराड
+१. हे आधी सुचायला हवं होतं आम्हा शिकवणाऱ्यांना.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे खूप आभार. रविवारी तासगावला जाऊन आले, सांगते काय झालं ते.

गुर्जींनी सांगितल्याप्रमाणे पाचवीपासून उदाहरणं घातली. वजाबाकी आली. भागाकारात उत्तराच्या मध्ये शून्य आलं की गाडी थांबते. अपूर्णांक अजिबात नाहीत. शेकडेवारी मात्र तोंडी बरोबर सांगितली, कारण औषधाचं प्रमाण तो रोज काढतो. वहीत अनुजाताईंनी सांगितलेल्या खुणा दिसल्या, आकडे उलटसुलट आणि एकच शब्द वेगवेगळ्या तऱ्हांनी. फळ्यावरचं उतरवायला वेळ पुरत नाही, म्हणून सगळा वर्ग पुढे गेल्यावर तो वही मिटून ठेवतो, असं त्याने स्वतः सांगितलं. हे त्याने आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

सज्जनगड यांचा प्रश्नही विचारला. त्याला मोटर वाइंडिंग शिकायचंय.

बहिणीने शाळेला पत्र दिलं, पोच घेतली. आता ते म्हणतात जूनमध्ये बघू. गटसाधन केंद्रात सोमवारी जाणार आहोत. खोलीचा विचार भावजींनी सोडला, खरड छाटणीचं वाक्य वाचून दाखवलं तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. मराठी तुकडीचं अजून ठरत नाही, त्याच्या मित्रांची तुकडी सुटते म्हणून तोच तयार नाही. यावर काय करावं?

वाळव्याची_लेक
जबरदस्ती करू नका. सेमीतच राहू दे आणि घरी विज्ञान-गणिताची मराठी पुस्तकं शेजारी ठेवा. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपवर स्कॅन केला की धड्याचे व्हिडिओ येतात. ऐकून समजणाऱ्या मुलाला त्याचा खूप उपयोग होईल. पहिली घटक चाचणी बघून पुन्हा विचारा त्याला.

अनुजा_मिरज
सोमवारी जाताना त्याच्या वह्या सोबत न्या, नववीच्या आणि सापडल्या तर त्याआधीच्याही. नीट लिहिलेल्या निवडून नेऊ नका, सगळ्या न्या. आधार कार्ड आणि नववीची गुणपत्रिकाही ठेवा. आणि त्याच्यासमोर "याला काही येत नाही" असं कुणी बोलू नये, बहिणीला मुद्दाम सांगून ठेवा. झोप उडाली, जेवण तुटलं असं काही वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतून बोलता येतं.

गुर्जी_कोरेगाव
औषधाच्या प्रमाणावरून अपूर्णांक शिकवा. २०० लिटर पाण्याला किती, १५ लिटरच्या पंपाला किती, असं त्याला कागदावर मांडायला लावा. त्याला येतंय, फक्त वहीत कसं लिहायचं ते त्याला कुणी दाखवलेलं नाही. भागाकारातल्या शून्यासाठी चौकटीच्या कागदावर लिहायला द्या, एका चौकटीत एक आकडा, म्हणजे आकडे सरकत नाहीत. अडलं तर इथेच फोटो टाका, मी बघत जाईन.

हळदबाजार
ताई, माझ्या मुलाची पाचवी ते आठवीची गणिताची सगळी पुस्तकं घरात आहेत, मराठी माध्यमाची. आमचा टेम्पो मंगळवारी आणि शुक्रवारी तासगावला जातो. मार्केट यार्डाजवळ उतरवून ठेवतो, भावजींना तिथून घ्यायला सांगा. चौकटीच्या दोन वह्याही टाकतो.